‘मी हाय की पुरावा’ : गावाचं विकिपीडिया पान लिहिताना

मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान आधीपासूनच होतं, म्हणजे कुणीतरी एका बैठकीत अख्ख्या तालुक्यातल्या गावांची पानं पाडून ठेवलेली त्यातलंच एक. अमुक हे महाराष्ट्र राज्यातील सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील एक गाव आहे, एवढं एक वाक्य आणि त्याखाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी मथळ्यांची रांग, बहुतेकांच्या खाली काहीच नाही. हवामानाखाली मात्र दोन ओळी होत्या आणि त्यात लिहिलेलं की पावसाळ्यात येथे भरपूर पाऊस पडतो. माणमध्ये! भरपूर पाऊस! आमच्याकडे टँकर कुठल्या दिवशी येणारे ते बघून लोक पाहुण्यांना जेवायला बोलावतात. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशे पडला तर ते साल चांगलं म्हणतात, पण ज्यानं कुणी ती पानं केली त्याला सातारा म्हणलं की धुकं आणि स्ट्रॉबेरीच दिसत असणार.

मी भूगोलाची स्टुडंट, सेकंड इयर बीए, त्यामुळे ते वाक्य जरा जास्तच लागलं. पण ते आपण बदलू शकतो हे खरंच डोक्यात नव्हतं. खाली "संपादन" लिहिलेलं दिसायचं पण मला वाटायचं ते त्यांच्या लोकांसाठी असेल. "त्यांचे लोक" म्हणजे कोण हे कधी विचारलं नाही स्वतःला.

मग जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो ना, १४ ते २८, त्यात आमच्या कॉलेजात विकिपीडियाची कार्यशाळा ठेवली. अशा कार्यशाळा बऱ्याच कॉलेजात होतात. सर्टिफिकेट मिळणार म्हणून अर्धा वर्ग आला होता, मीही त्यातलीच. शिकवायला एक दादा आलेले, बरीच वर्षं मराठी विकिपीडियावर लिहिणारे, पोटापाण्याचा उद्योग वेगळाच. त्यांनी सुरुवातीला थोडा इतिहास सांगितला, इंग्रजी विकिपीडिया २००१ चा, मराठी १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा. मग विश्वकोशाचा विषय निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा केलेला मराठी विश्वकोश आमच्याच जिल्ह्यातला, त्यात नोंद लिहायला त्या विषयातला जाणकार लागतो आणि नोंदीच्या शेवटी त्याचं आडनाव असतं. इथं विकिपीडियावर लेखाखाली कुणाचंच नाव नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? तर दादा म्हणाले, "लिहिणाऱ्यावर नाही, खालच्या संदर्भावर." तेव्हा ते मी वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले. पुढं त्याच्यावरूनच सगळं रामायण झालं.

खाती उघडायला लागलो तर पहिल्या सहा जणांची उघडली आणि नंतर सगळ्यांना एरर. लॅबवाले सर नेट बंद करून चालू करतायत, कुणी म्हणतंय साइट हँग झाली. दादा शांत बसलेले. एका आयपी अॅड्रेसवरून चोवीस तासात सहाच खाती उघडता येतात, कुणी बसून शंभर खोटी खाती काढू नयेत म्हणून, आणि कॉलेजचं सगळं नेट बाहेरून एकाच अॅड्रेसचं दिसतं. कार्यशाळेसाठी आधी विनंती टाकून ही मर्यादा वाढवून घेता येते पण ते कुणी केलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी मोबाईलचा डेटा चालू केला आणि आपापल्या फोनवर खाती काढली. तुम्ही कधी कॉलेजात असं काही ठेवणार असाल तर एवढं मात्र आधी बघा, नाहीतर पहिला तास यातच जातो.

टायपिंगला माझा काही प्रॉब्लेम नव्हता, फोनवर दिवसभर मराठीच टाइप करते. पण लॅबच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्डच नाही. तर विकिपीडियाचीच सोय आहे, लिहायच्या चौकटीत क्लिक केलं की कीबोर्डचं छोटं चित्र येतं, त्यात मराठी निवडायचं, आणि मराठी-इंग्रजी अदलाबदल करायला कंट्रोल आणि एम. अक्षरांतरण म्हणतात त्याला, जसं बोलतो तसं इंग्रजी अक्षरात मारत जायचं. ळ साठी कॅपिटल एल हे कळेपर्यंत आमच्या एका मैत्रिणीनं 'शाला' आणि 'फला' असंच लिहून काढलेलं आणि ते धूळपाटीवर असल्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. धूळपाटी म्हणजे आपल्या नावाचं सरावाचं पान, तिथं काय पाहिजे ते गिरवा, कुणी ओरडत नाही.

दादांनी सगळ्यांना एकेक विषय निवडायला सांगितलं. पोरांनी गडकिल्ले घेतले, क्रिकेटर घेतले, पण त्यांची पानं आधीच भरलेली. एकानं पेपरातला अख्खा लेख उचलून चिकटवला, तो दादांनी तिथल्या तिथं काढायला लावला, प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, भंग म्हणून, आणि इतिहासाच्या टॅबमध्ये जाऊन दाखवलं की काढलेलं सुद्धा तिथं दिसतं, कुणी काय केलं, किती वाजता केलं, सगळी हजेरी. मी म्हणलं मी माझं गाव घेते. मला वाटलं यापेक्षा सोपं काही नसेल. अठरा वर्षं तिथं राहिलेली मी, कुणाच्या विहिरीला कधी पाणी आटतं ते मला माहीत, मी नाही लिहिणार तर कोण.

लगेच धूळपाटीवर भराभरा लिहून काढलं. चैत्रातली यात्रा, मेंढपाळांची घरं, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली चाऱ्याला जाणारे लोक, मारुतीच्या देवळापुढचे वीरगळ म्हणजे लढाईत गेलेल्यांचे कोरीव स्मारकदगड, ७२ च्या दुष्काळातला पाझर तलाव. दादा मागं येऊन उभे राहिले, वाचलं, म्हणाले छान आहे, हे कुठं छापलंय?

छापलंय म्हणजे?

म्हणजे हे तू सांगतेस, पण उद्या वाचणाऱ्याला शंका आली तर त्यानं काय बघायचं? पुस्तक, पेपर, सरकारी अहवाल, काहीही, पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी आणि आधी छापलेलं.

मी म्हणलं दादा गावात सगळ्यांना माहितीये. ते हसले. हसण्यात कुचकटपणा नव्हता पण हे वाक्य त्यांनी प्रत्येक कार्यशाळेत ऐकलेलं असणार हे कळत होतं.

तर तिथून पुढं मी माझ्याच गावाबद्दल छापील काय सापडतंय ते शोधत बसले. आणि खरं सांगते, फारसं काही सापडत नाही. गाव आपल्याला एवढं मोठं वाटतं, आणि कागदावर ते जवळजवळ नसतंच.

पहिला आधार जनगणना. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका नेटवर आहे, भलीमोठी पीडीएफ, फोनवर उघडली की फोनच बसतो. पण एकदा त्यातले रकाने वाचायची सवय झाली की मजा यायला लागते. प्रत्येक गावाला एक कोड नंबर, मग क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, घरं किती, बायका किती, पुरुष किती, सहा वर्षांखालची मुलं किती, शिकलेले किती. आणि दुसऱ्या भागात सोयी. शाळा आहे का, पोस्ट आहे का, दवाखाना आहे का. नसेल तर तिथं नुसतं नाही लिहीत नाहीत, ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ए म्हणजे ती सोय पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या पुढं. आमच्या ओळीत प्रसूतिगृहाच्या खाली सी. बँकेच्या खाली सी. मी ती ओळ आडवी वाचत गेले आणि मला आमच्या काकूला जीपमधनं म्हसवडला नेलेलं आठवलं, ते सगळं त्या एका सी मध्ये. हे काही विकिपीडियावर लिहिता येत नाही, पण "सर्वात जवळचे प्रसूतिगृह १० किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावर आहे" हे लिहिता येतं, आणि ते मी लिहिलं, संदर्भासकट. २०२१ ची जनगणना झालीच नाही त्यामुळे आकडे जुने, म्हणून प्रत्येक वाक्यात "२०११ च्या जनगणनेनुसार" घालायचं, हेही दादांनीच सांगितलं. ते सारखं सारखं वाचायला बोर होतं पण बरोबर आहे.

दुसरा आधार गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. इंग्रजांनी १८८५ मध्ये सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर काढलेलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, कँपबेल साहेब संपादक. ते आता नेटवर फुकट वाचता येतं आणि एवढं जुनं असल्यानं प्रताधिकाराची भानगड नाही. त्यात माण नदी आहे, शंभू महादेवाच्या डोंगररांगा आहेत, शिंगणापूर आहे, किल्ले आहेत, कुठल्या पेठेत बाजार कधी भरतो ते आहे. आमचं गाव? नाही. मी सगळी स्पेलिंगं मारून बघितली. शेजारच्या बाजारगावाचं सविस्तर वर्णन आहे आणि आम्ही त्यांच्यापासून चालत जायच्या अंतरावर, पण साहेबाचा घोडा आमच्याकडं वळला नाही त्याला काय करणार. तरी भूगोलाचा भाग मला तिथून मिळाला. पर्जन्यछायेचा प्रदेश, डोंगर कुठून कुठं जातो, पाणी कुठल्या खोऱ्यात उतरतं. त्यावर पहिलं काम म्हणजे "भरपूर पाऊस" उडवला. बदलाचा सारांश लिहायची एक छोटी चौकट असते, तिथं लिहिलं, "माण तालुका पर्जन्यछायेत आहे, संदर्भ जोडला". बदल प्रकाशित करा. झालं. पान पुन्हा उघडलं तर वाक्य बदललेलं. मी दोनदा रिफ्रेश मारून बघितलं, मग दुसऱ्याच्या फोनवर बघितलं. आहे! थोड्या वेळानं माझ्या सदस्य चर्चा पानावर स्वागताचा मोठा संदेश येऊन पडला, तो बहुतेक सगळ्यांनाच येतो, पण आपल्याला काय तेवढंच.

तिसरा आधार मात्र अनपेक्षित. वॉटर कप, पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा. २०१६ ला पहिल्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलेलं आणि २०१८ ला आमच्या माणमधली टाकेवाडी. तेव्हा आमच्या भागात नुसता उच्छाद होता श्रमदानाचा, पहाटे पहाटे लोक टिकाव-फावडं घेऊन माळावर, मी तेव्हा शाळेत होते पण सीसीटी म्हणजे काय हे आमच्या वर्गातल्या ढ पोराला सुद्धा माहीत होतं, सलग समतल चर, उतारावर पाणी अडवायला आडवे खणायचे. आमच्या गावाचा नंबर काही आला नाही पण त्या निमित्तानं पेपरच्या जिल्हा आवृत्तीत गावाबद्दल बातम्या आल्या. नावानिशी, तारखेनिशी. त्या बातम्यांच्या जोरावर जलसंधारणाचा एक अख्खा परिच्छेद उभा राहिला. म्हणजे बघा, गावाला शेकडो वर्षं झाली असतील आणि छापील पुराव्याच्या हिशोबानं आमचं गाव ठळकपणे जन्माला आलं ते एका स्पर्धेमुळं.

आता तलावाचं. होळीला घरी गेले तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, पान वाचून दाखवलं. फोन त्यांच्या कानाजवळ धरून नाही, समोर बसून मोठ्यानं. लोकसंख्या झाली, पाऊस झाला, वॉटर कप झाला. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "आन् तलाव?"

मी म्हणलं तलावाचं नाही टाकता आलं.

"का बरं?"

कुठं छापलेलं नाही आबा, पुरावा लागतो.

"पुरावा? मी हाय की पुरावा. ह्या हातानं बांध घातलाय. तुझी आज्जी पाट्या वाहत हुती माज्या म्होरं."

आणि मग जे सुरू झाले ते. ७२ ला दुष्काळी कामं कशी निघाली, खडी फोडायची, पाझर तलावाचं माती काम, आठवड्याला हजेरी, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर आलेला तो तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, त्याची भाकरी कशी व्हायची नाही आणि थापली तर कशी चिरायची. आज्जी मधी मधी दुरुस्त्या करत होती, "आवो तवा मिलो न्हाय, त्ये मागनं आलं". मुकादम कोण होता, कुणाची बोटं दगडाखाली गेली, पहिल्या पावसात बांधाचं एक टोक कसं खचलं आणि रात्रीत सगळं गाव पोती घेऊन कसं गेलं. मी रेकॉर्डिंग चालू केलेलं. ते ऐकताना वाटत होतं की एवढा चांगला मजकूर माझ्या अख्ख्या पानात नाही, आणि यातलं एक वाक्य मला तिकडं टाकता येत नाही.

मला तेव्हा खरंच राग आला होता. दादांना मेसेज केला, की १८८५ मध्ये घोड्यावरनं आलेल्या साहेबानं कुणाला तरी विचारून लिहिलं ते ग्राह्य, आणि ज्यानं स्वतः पाट्या उचलल्या त्याचं सांगणं अग्राह्य, हा कुठला न्याय. साहेबानं पण कुठल्यातरी पाटलाला नाहीतर कुलकर्ण्यालाच विचारलं असेल ना. दादांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, लांबलचक. ते म्हणाले हा प्रश्न आधी बऱ्याच जणांना पडलाय. २०११ च्या सुमाराला एक प्रयोग झालेला, भारतात मल्याळम आणि हिंदी आणि तिकडं दक्षिण आफ्रिकेतली एक भाषा, लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून त्याच संदर्भ म्हणून लेखात जोडायच्या. खेळ, पदार्थ, रिवाज असल्या गोष्टी, ज्या पुस्तकात नसतात पण सगळ्यांना येतात. त्याच्यावर वाद बराच झाला, आणि नियम काही सगळीकडं बदलला नाही. तू चर्चा पानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायचं वेगळं पान असतं तिथं, लिहून ठेव, ते म्हणाले, की असं असं स्थानिक लोक सांगतात, छापील संदर्भ मिळाल्यास जोडावा. ते मी केलं. चर्चा पानावर शेवटी चार वेळा ते नागमोडी चिन्ह मारलं की आपोआप आपली सही आणि वेळ उमटते.

घरात त्या कामावरचा एक फोटो पण आहे, पिवळा पडलेला, ओळीनं उभी माणसं आणि मागं अर्धवट बांध. तो टाकावा म्हणलं तर तिथं दुसरी आडकाठी. फोटो कुणी काढला माहीत नाही, कुठला तरी फोटोग्राफर आला होता एवढंच आबांना आठवतंय. फोटो आपल्या कपाटात आहे म्हणून हक्क आपला होत नाही, हक्क काढणाऱ्याचा, आणि आपल्याकडं साठ वर्षांचा हिशोब. म्हणजे अजून थांबायचं.

पण स्वतः काढलेले फोटो टाकता येतात हे कळल्यावर माझी गाडी सुसाट सुटली. मारुतीच्या देवळापुढं आमच्याकडं चार वीरगळ आहेत, दोन जमिनीत अर्धे गाडलेले, एकाला इतका शेंदूर आणि त्यावर ऑइलपेंट की कोरीव काम चाचपूनच कळतं. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून चिंचा खायचो, आता आज्जी बसू देत नाही. चौथा मात्र चांगला आहे, कुणी रंगवला नाही. सकाळी लवकर गेले कारण तिरपं ऊन असलं की कोरीव काम उठून दिसतं, डोक्यावर ऊन आलं की सगळं सपाट. खालच्या चौकटीत एक माणूस आडवा पडलेला आणि त्याच्या बाजूला गाई, एकीचं शिंग तुटलंय. म्हणजे गाईगुरं पळवायला आलेल्यांशी लढताना गेलेला असणार. वरच्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी अप्सरा घेऊन चालल्यात, त्याच्या वर तो शिवलिंगापुढं बसलेला, आणि एकदम वर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत नाव राहील, आणि नाव कुणालाच माहीत नाही! गावात त्याला नुसतं "देव" म्हणतात.

हे फोटो कॉमन्सवर चढवले. कॉमन्स म्हणजे विकिपीडियाचं फोटोंचं गोदाम, सगळ्या भाषांचं एकच. तिथं विचारतात हे तुमचं स्वतःचं काम आहे का, मग परवाना निवडायचा, सीसी बाय-एसए ४.०, म्हणजे कुणीही वापरा पण माझं नाव द्या आणि पुढंही तसंच मोकळं ठेवा. एक सांगते, व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तिथं टाकू नका, तो बारीक होऊन आलेला असतो आणि कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते, मग तिथले लोक शंका घेतात की नेटवरनं उचलला का काय. मूळ फाइलच टाका. फोटोला छापील संदर्भ लागत नाही, समोर दिसतंय ते दिसतंय. आणि झालं असं की माझ्या गावाच्या पानावर वीरगळांबद्दल मला एकच साधी ओळ लिहिता आली, पण कुणीतरी दुसऱ्याच सदस्यानं तो गाईवाला फोटो उचलून वीरगळ या मुख्य लेखात लावला, गावाच्या नावासकट. मला निरीक्षणसूचीत, म्हणजे आपण लक्ष ठेवलेल्या पानांच्या यादीत, दिसलं. गॅझेटियरात जागा मिळाली नाही त्या गावाचं नाव तिथं लागलं. त्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांना दाखवत फिरले, कुणाला काडीचा इंटरेस्ट नव्हता.

आता खरी गंमत. माझ्या चुलतभावानं पानाची लिंक गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली.

त्याच्या आधी एक सांगायचं राहिलं. पानाच्या इतिहासात बघितलं तर मधल्या काळात कुणीतरी खातं न उघडता येऊन एका माणसाचं नाव टाकून गेलेलं, "गावचे भाग्यविधाते, युवकांचे आशास्थान" वगैरे, बॅनरवर असतं तसं सगळं. आणि खाली मंडप डेकोरेशनवाल्याचा मोबाईल नंबर. मी दोन्ही काढलेलं, सारांशात लिहिलेलं "संदर्भ नाही" आणि "जाहिरात". कुणाचा माणूस आहे वगैरे मी बघितलंच नव्हतं. पण ग्रुपवर लिंक पडल्या पडल्या पहिला प्रश्न हाच, आमच्या साहेबांचं नाव कुणी काढलं. आणि इतिहासात माझं सदस्यनाव आहे, ते माझं आहे हे भावानं कौतुकानं आधीच सांगून ठेवलेलं.

मग विरोधी गटाचे लोक खूश. त्यांनी "शाब्बास पोरी" लिहिलं आणि लगेच खाली त्यांच्या माणसाची माहिती पाठवली, हे टाक म्हणून. मग वाडीवाले आले, आमची वाडी वेगळी दाखव. मग कुणीतरी म्हणलं दोन देवळांची नावं उलट्या क्रमानं लिहिलीत, मोठं देऊळ आधी पाहिजे, आणि मोठं कुठलं यावर दुपारभर. आणि मग यात्रा. आमच्या यात्रेत पालखीचा पहिला मान कुणाचा यावरून तीन भावक्यांत पिढ्यानपिढ्या धुसफूस आहे, वर्षातनं एकदा पोलीसपाटील मध्ये बसून मिटवतात. शिंगणापूरच्या यात्रेचं बरं आहे, सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटानं चढते हे दरवर्षी सगळ्या पेपरात येतं, तिथं प्रश्नच नाही. आमच्या यात्रेला कोण पेपरवाला येतोय.

तिन्ही भावक्यांचे फोन आले मला. एक तर बाबांच्या दुकानावर जाऊन बसले. आणि तेव्हा मला तो "हे कुठं छापलंय" वाला नियम असा काही कामाला आला म्हणून सांगू. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायला लागले, काका छापील संदर्भ आणा, लगेच लिहिते. नानांना राग, अण्णांना राग, पण सगळ्यांना सारखाच राग, त्यामुळे माझ्यावर कुणी गटबाजीचा आरोप करू शकलं नाही. आबांच्या तलावाला ज्या नियमानं आडवलं त्याच नियमानं मला यात्रेच्या भांडणातनं सोडवलं. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आता कसं शानी झालीस", पण तलावावरचा हट्ट काही सोडला नाही.

एक काका मात्र वस्ताद. त्यांनी चार दिवसांनी यात्रेचं हँडबिल पाठवलं, रंगीत, त्यात स्पष्ट लिहिलेलं मान कुणाचा. छापील आहे की नाही? बोल आता. तासाभरात दुसऱ्या भावकीचं हँडबिल आलं, तेही रंगीत, त्यावर मान त्यांचा. दोन्ही एकाच प्रेसमधून छापलेली. दादांना दाखवली तर ते इतके हसले फोनवर, म्हणाले ज्याचा संबंध आहे त्यानंच छापून घेतलेलं चालत नाही, संदर्भ त्रयस्थ पाहिजे. यात्रेच्या मथळ्याखाली सध्या एवढंच आहे की चैत्र महिन्यात यात्रा भरते.

मधल्या काळात आणखी थोडे बदल झाले. कुणा जुन्या सदस्यानं माझी काही वाक्यं तोडून लहान केली, वर्ग जोडले, माहितीचौकट लावली, अक्षांश-रेखांश टाकले. मला माहीत नसलेल्या माणसानं कुठंतरी बसून माझ्या गावाचा अक्षांश बरोबर केला याचं मला फार भारी वाटलं, आभार मानायचं एक बटण असतं ते दाबलं. एकानं "निसर्गरम्य" घातलेलं, ते तिसऱ्यानंच काढलं, मला हातपण लावावा लागला नाही. मेंढपाळांचा परिच्छेद मात्र अजून अर्धाच आहे, धनगर समाजाच्या स्थलांतरावर अभ्यास बराच झालाय, पुस्तकं आहेत, पण ती सरसकट भागाबद्दल असतात आणि मला आमच्या गावापुरतं म्हणणारं पाहिजे.

तलावाचं घोंगडं अजून भिजतच आहे. चर्चा पानावर कुणीतरी लिहून गेलंय की लघु पाटबंधाऱ्याच्या जुन्या याद्या बघा, आणि १९७२-७३ च्या जिल्ह्यातल्या पेपरांच्या फायली कुठल्या ग्रंथालयात मिळाल्या तर दुष्काळी कामांच्या बातम्यांत गावाचं नाव असू शकेल. हे मला पटलं, त्या काळात मंत्री-बिंत्री कामावर भेट द्यायला यायचे आणि त्याच्या बातम्या यायच्या, आबा म्हणतात आमच्या बांधावर पण कुणीतरी आलेलं, टोपीवालं, जीपमधनं. परीक्षा संपली की साताऱ्यात दोन दिवस मावशीकडं राहून त्या फायली उपसायच्या ठरवलंय. आबांनी पण यायचं म्हणलंय, चष्मा बदलून घेतलाय त्यासाठी. वाचक कोणी माण-खटावचे असाल आणि घरात त्या काळातली पेपरची कात्रणं, कामाचे छापील अहवाल, काहीही असेल तर आपापल्या गावाच्या चर्चा पानावर तारीख आणि पेपरचं नाव तेवढं टाकून ठेवा, लेख लिहायला नाही जमलं तरी चालेल. हँडबिलं नकोत.